वाय-फाय बिघडले आहे की अडवले गेले आहे? लिनक्स लॅपटॉप दुकानात नेण्याआधी एवढे तपासा

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत. त्याच तालुक्यात पौड ओलांडून धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे निघालात, तर एका वळणावर मोबाइलची रेंज येते आणि पुढच्या वळणावर जाते. कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. जुने लॅपटॉप सेकंडहँड बाजारात येतात आणि तिथून आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या हातात पडतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ या जुन्या मशीनवर बहुधा चालत नाही. म्हणून अनेक जण त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. पैसे लागत नाहीत आणि मशीनही हलके चालते.

मग एक दिवस वाय-फाय दिसेनासे होते. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला अपलोड करायचा असतो आणि मुदत दोन दिवसांवर आलेली असते. लॅपटॉप घेऊन शहरात गेले की ऐकायला मिळते, ‘कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल.’ ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, त्याच्यासाठी हे वाक्य महाग पडते. कित्येकदा कार्ड गेलेले नसतेच. ते फक्त अडवलेले असते. बिघडलेले आणि अडवलेले यातला फरक मशीन स्वतः सांगते. तिला विचारायचे कसे, एवढेच आपल्याला माहीत हवे.

आधी हात लावून पाहा

टर्मिनल उघडण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे विमान मोड. स्क्रीनच्या कोपऱ्यात विमानाचे चिन्ह असेल तर तो बंद करा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत एखाद्या बटणावर विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असते. एफएन बटणासोबत ते चुकून दाबले गेले तरी वाय-फाय बंद होते.

दुसरी म्हणजे कडेचे सरकते बटण. डेलच्या जुन्या लॅटिट्यूड आणि लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅड मालिकेतल्या अनेक लॅपटॉपना कडेला एक छोटे बटण असते. दप्तरात ते सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एचपीच्या काही मॉडेलमध्ये वाय-फायचा छोटा दिवा असतो. तो नारिंगी दिसला तर वाय-फाय बंद आहे असे समजा.

तिसरी म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. बऱ्याच जुन्या कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल कळतात. नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देत असेल, तर लॅपटॉपला तो दिसणारच नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन २.४ निवडा. शेजारच्याचे वाय-फाय दिसते, पण आपला हॉटस्पॉट दिसत नाही, असे असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

आता मशीनला विचारा

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की बहुतेक लिनक्समध्ये टर्मिनल उघडते. खालच्या सगळ्या आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आणि दोन शब्दांमध्ये एक जागा सोडायची. पहिली आज्ञा आहे ‘आरएफकिल लिस्ट’. आरएफकिल हा एकच शब्द आहे. त्याची अक्षरे आर, एफ, के, आय, एल, एल.

ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त परिस्थिती सांगते. ब्लूटूथ आणि वायरलेस लॅन यांच्या नोंदी वेगवेगळ्या येतात. आपण वायरलेस लॅनची नोंद पाहायची. तिच्याखाली दोन ओळी असतात. एक ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि दुसरी ‘हार्ड ब्लॉक्ड’. प्रत्येकीपुढे यस किंवा नो लिहिलेले असते. पुढचे सगळे या दोन उत्तरांवर ठरते.

सॉफ्ट यस, हार्ड नो: सॉफ्टवेअरने वाय-फाय अडवले आहे. ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ही आज्ञा द्या. वायफाय हा शब्द जोडून, मधे रेघ न देता लिहायचा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही दिसले नाही तरी घाबरू नका. मग ‘आरएफकिल लिस्ट’ पुन्हा चालवून बदल झाला का ते पाहा. झाला असेल आणि तरी नेटवर्क दिसत नसतील, तर सेटिंगमध्ये वाय-फायचे बटण सुरू आहे का ते बघा.

हार्ड यस: इथे वरची आज्ञा कितीही वेळा दिली तरी उपयोग नाही, कारण अडथळा सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. कडेचे बटण आणि एफएनचे बटण पुन्हा तपासा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जाऊन वायरलेस चालू आहे का ते पाहा. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर विंडोज पूर्ण बंद करा. त्यातले फास्ट स्टार्टअप मशीनला अर्धवट झोपेत ठेवते. सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही यस असतील तर आधी हार्डचा अडथळा काढा आणि मग सॉफ्टचा.

कधी कधी मशीनलाच चुकीचा निरोप मिळतो. लेनोव्होच्या काही आयडियापॅडना कडेचे बटणच नाही, तरी जुन्या कर्नलवर ‘हार्ड यस’ दिसत असे. तिथे दोष ‘आयडियापॅड अंडरस्कोर लॅपटॉप’ नावाच्या मॉड्यूलचा होता. ते ‘सुडो मॉडप्रोब’, मग ‘वजा चिन्ह आणि आर’ जोडून, मग मॉड्यूलचे नाव, असे लिहून तात्पुरते काढता येते. मशीन पुन्हा सुरू केली की ते परत येते, त्यामुळे प्रयोगात धोका नाही. नव्या कर्नलमध्ये ही चूक बरीचशी दुरुस्त झाली आहे, म्हणून कायमचा उपाय सिस्टीम अपडेट करणे हाच.

यादीत वायरलेस लॅनच नाही: म्हणजे अडथळा नाही, ओळखच नाही. ‘एलएसपीसीआय’, एक जागा आणि ‘वजा के’ अशी आज्ञा द्या. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ दिसली, पण तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर कार्ड जागेवर आहे आणि फक्त ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या कार्डांबाबत हे नेहमी घडते. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे वाय-फायशिवाय इंटरनेट मिळेल. मग उबुंटूतल्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर घ्या. शिष्यवृत्तीची मुदत आजच संपत असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा आणि याच केबलवर आधी अर्ज भरा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद?

लिनक्सला मागची स्थिती लक्षात राहते. मशीन बंद करताना वाय-फाय अडवलेले असेल, तर सुरू होताना ते तसेच अडवलेले येऊ शकते. म्हणून अडथळा काढल्यावर मशीन नीट शटडाउन करून पुन्हा सुरू करा आणि तपासा. थेट बटण दाबून बंद करू नका. बॅटरी वाचवणारे टीएलपी बसवले असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही वाय-फाय बंद ठेवण्याची सोय असते, ती पाहा.

हे सगळे करूनही कार्ड यादीत येत नसेल, ‘एलएसपीसीआय’मध्येही दिसत नसेल आणि यूएसबीवर चालणारेही नसेल, तर कार्ड खरेच गेलेले असू शकते. तेव्हा दुकानात जा. पण जाताना आपण काय तपासले ते कागदावर लिहून न्या. दुकानदाराशी बोलणेच बदलते.

इथेही तपासूनच माना

केसमुत्ति गावातल्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते आपण विहारात अनेकदा ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. दुकानदाराचे वाक्य या कसोटीतून सुटत नाही आणि हा लेखही सुटत नाही. नेटवर कोणी दिलेली आज्ञा, विशेषतः ‘सुडो’ने सुरू होणारी, अर्थ कळल्याशिवाय चालवू नका. ‘सुडो’ म्हणजे मशीनचे सगळे अधिकार त्या एका ओळीच्या हाती देणे.

बुद्धांनी शिकवताना गुरूची झाकली मूठ ठेवली नाही. आपल्यालाही ठेवायची नाही. ज्याला हे जमले, त्याने विहारात रविवारी दोन तास बसावे. वरच्या चार-पाच आज्ञा इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून वाचनालयाच्या भिंतीवर लावाव्यात. लॅपटॉप घेऊन येणाऱ्याच्या हातून कीबोर्ड मात्र काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि त्यालाच टाइप करू द्या. पुढच्या वेळी तो दुसऱ्याच्या शेजारी बसेल.

जय भीम!