चर्चला कुलूप, क्रुसाला दिवा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडली की पहिली काही मिनिटं आपण मुंबईच्या कुठल्याही उपनगरात असतो. तीच दुकानं, तेच मनोरे, तीच गर्दी. मग मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात, रस्ता आक्रसतो, मिठागरं आणि खारफुटी दिसू लागते. डोंगरी आली की खिडकीतून क्रूस दिसायला लागतात. विहिरीच्या कठड्याशी, वळणावर, दोन घरांच्या मधल्या बोळात, कुणाच्या अंगणात. उत्तनला उतरेपर्यंत मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना लोकल, बिल्डर आणि पाण्याचे टँकर आठवतात. २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या या शहराची महापालिका २००२ची. पण तिच्या पश्चिम टोकाला, समुद्राला टेकलेली ही गावं कितीतरी जुनी आहेत. इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, पाठोपाठ इथे मिशनरी आले, चर्च उभी राहिली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत इथल्या चौक पाड्याजवळचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. राज्यं बदलली तरी इथल्या ख्रिस्ती कोळ्या-आगऱ्यांनी धर्म आणि मराठी या दोन्ही गोष्टी सोडल्या नाहीत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांच्या समाजानं १८८७मध्ये संघटना काढताना घेतलं. घरात बोलतात ती मराठीच, आपल्या वळणाची, पोर्तुगीज शब्द पचवलेली.

उत्तनच्या चर्चचं नाव ‘अवर लेडी ऑफ द सी’. माता मरियेला समुद्राच्या नावानं हाक मारणारं गाव. डोंगरीचं चर्च बेथलेहेमच्या मातेचं. पाली, चौक, पातान बंदर, भाटे बंदर असे किनाऱ्यालगतचे पाडे. मी गेले ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. एक जूनपासून पावसाळी मासेमारी बंद होणार, म्हणून होड्या वर ओढायची घाई चालली होती. बोंबलाच्या वलांडी रिकाम्या होत होत्या आणि बायका सुकं गोणीत भरत होत्या. वास असा, की घरी परतल्यावरही ओढणीला होता.

मी आले होते महामारीबद्दल विचारायला. मार्च २०२०मध्ये चर्च बंद झाली तेव्हा रविवारची मिस्सा न चुकवणारी ही माणसं काय करत होती, हे मला समजून घ्यायचं होतं. ‘यूट्यूबवर मिस्सा पाहिली’ असं उत्तर येईल, अशी माझी समजूत होती. तसं ते आलंही. पण ते अर्धंच होतं. उरलेलं मला एका ओट्यावर मिळालं.

ओट्यावर एक वयस्कर गृहस्थ जाळं शिवत बसले होते. पाड्यात सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही तेच म्हटलं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. जाळ्याचं फाटलेलं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, हातात चपटी सुई, तिच्यावर हिरवा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. प्रत्येक घर ते आधी दोन बोटांच्या मापानं घेत आणि मग गाठ ओढत. बोलताना नजर माझ्याकडे, हात जाळ्यात. एकदाही मान खाली गेली नाही.

“बाय, चर्चला कुलूप लागला ना, तवा पयला आठवडा आमाला काय सुचलाच नाय,” ते म्हणाले. “घंटा वाजायची. पण जायचा कुठं?”

बावीस मार्चला जनता कर्फ्यू, पंचवीसपासून टाळेबंदी. पाच एप्रिलला झावळ्यांचा रविवार, दहाला गुड फ्रायडे, बाराला ईस्टर. म्हणजे ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा नेमका कुलपात सापडला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात भर पावसात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते, ते दृश्य इथल्या घराघरांत मोबाइलवर पाहिलं गेलं. त्या दिवशी जो जुना क्रूस तिथे आणला होता, तो १५२२च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला. अंकलना हा तपशील ठाऊक होता. मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितला.

इथेही क्रूसच कामी आला. प्रत्येक पाड्याला आपला क्रूस आहे. मे महिना मरियेचा, त्या महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसापुढे जपमाळ म्हणायची पद्धत जुनी. टाळेबंदीत ती मार्चमध्येच सुरू झाली. पण चारजणांनी जवळ उभं राहायची सोय नव्हती. मग असं ठरलं, की क्रुसाशेजारच्या घरातल्या एकानंच बाहेर येऊन दिवा लावायचा आणि मोठ्यानं सुरुवात करायची. बाकीच्यांनी आपापल्या दारातून, ओट्यावरून, गॅलरीतून उत्तर द्यायचं. सुरुवात करायचं काम अंकलकडे होतं.

“समुद्रावर हाका मारून मारून आवाज कमावलेला,” शेजारच्या मावशी हसून म्हणाल्या. “पलीकडच्या गल्लीतलीबी ऐकून उत्तर द्यायची. जिथवर आवाज जाई तिथवर आमचा चर्च.”

फादरांची मिस्सा मोबाइलवर येई. फोन टेबलावर ठेवून पुढे मेणबत्ती लावत, लेकरांना चपला काढून बसवत. ख्रिस्तप्रसाद मात्र मोबाइलमधून हातात येत नाही. त्याऐवजी मनानं तो स्वीकारण्याची प्रार्थना म्हणायची. त्या मावशींनी आयुष्यात रविवार चुकवला नव्हता. पहिल्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना त्यांना रडू फुटलं. झावळ्यांच्या रविवारी परसातल्या माडाची झावळी त्यांनी स्वतःच तोडून दाराला बांधली. वर्षभर ती तिथेच होती, वाळली तरी काढली नाही.

गुड फ्रायडेच्याच दिवशी, दहा एप्रिलला, केंद्र सरकारनं मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. होड्या जाऊ शकत होत्या, पण बर्फ मिळत नव्हता, गाड्या येत नव्हत्या, बाजार बंद होते. पाड्यातल्या तरुणांनी धान्याची पाकिटं केली, एकट्या म्हाताऱ्यांच्या याद्या केल्या. कुणाकडे मासळी होती, कुणाकडे तांदूळ. कुणी किती दिलं याचा हिशेब मला कुणी सांगितला नाही, आणि विचारल्यावर सगळ्यांनी हात झटकले.

अंकलनी मात्र एक वेगळंच काम काढलं. मे महिना जवळ आला, काही घरांत जपमाळच नव्हती. काहींच्या तुटलेल्या, काहींच्या पोरांनी हरवलेल्या. दुकानं बंद. त्यांनी जाळ्याचा उरलेला दोरा घेतला आणि गाठींच्या जपमाळा करायला सुरुवात केली.

मला त्यांनी एक करून दाखवली. जाळं बाजूला सारलं, दोऱ्याची दोन हात लांबी घेतली. ‘नमो मरिये’ या प्रार्थनेच्या दहा गाठी बारीक, तीन वेढ्यांच्या. मग थोडी जागा सोडून ‘आमच्या बापा’ची एक जाड गाठ, पाच वेढ्यांची. अशी पाच दशकं, शिवाय खाली लोंबणारी शेपटी. सगळ्या मिळून ५९ गाठी. नायलॉन सुटतो, म्हणून प्रत्येक गाठ ओढल्यावर ते दातानं दाबत. शेवटी क्रूस. तो जुन्या होडीच्या सागवानी फळीतून तासलेला, नखाएवढा. फळी त्यांच्या वडिलांच्या होडीची होती. ती होडी मोडल्यावर बरीचशी लाकडं चुलीत गेली, दोन फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

“किती केल्यात?”

“मोजल्या नाय. दुखणं जिथं आला, तिथं एक दिली.”

ज्या घरात कुणी आजारी पडे, तिथे कुणी जाऊ शकत नव्हतं. मग जपमाळ पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवायची आणि रस्त्यावरूनच हाक मारायची. बाकी काही बोलायचं नाही. त्या रात्री क्रुसापुढे त्या घराचं नाव घेतलं जाई. मावशींच्या सासूबाई २०२०च्या पावसाळ्यात गेल्या. दवाखान्यात नेताना ती हिरवी माळ त्यांच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ती परत आली नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, “तिच्यासंगं गेली, बरा झाला.”

त्या दिवसांत दफनाचा प्रश्न मोठा होता. ख्रिस्तसभेनं दहनाला १९६३मध्येच परवानगी दिली आहे, पण आपल्या माणसाला आपल्या मातीत ठेवायचं ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची भावना. वांद्र्यातल्या दफनभूमीविरुद्धच्या याचिकेवर २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कोविडनं गेलेल्यांच्या दफनाला मोकळीक दिली, तेव्हा कुठे लोकांना धीर आला. तरीही शेवटच्या निरोपाला मोजकी माणसं, लांब उभी. एरवी इथे मयताला अख्खा पाडा चालत जातो.

महामारी आणि क्रूस यांचं नातं मुंबईला नवं नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरनं. त्या वर्षांत वांद्रे, गिरगावकडच्या वाड्यांमधून लोकांनी जागोजागी क्रूस उभारले, ते आजही ‘प्लेग क्रॉस’ म्हणून ओळखले जातात. त्याच प्लेगसाठी इंग्रजांनी १८९७चा साथरोग कायदा केला, आणि मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारनं तोच कायदा पुन्हा लागू केला. एकशे तेवीस वर्षांनी कायदाही जुनाच काढला आणि लोकांनी आसराही जुनाच धरला.

उत्तन-डोंगरीच्या क्रुसांपैकी कुठला प्लेगच्या काळातला, हे मला शोधायचं होतं. इथे माझी तक्रार आहे, आणि ती मी मनापासून करते. बरेच जुने दगडी क्रूस आता चकचकीत टाइल्सनी मढवलेत. भक्तीनंच मढवलेत, त्याबद्दल शंका नाही. पण टाइलखाली साल गेलं, उभारणाऱ्याचं नाव गेलं, नवस कशासाठी होता तेही गेलं. एका क्रुसाच्या पायाशी अर्धा आकडा दिसत होता, पुढचा भाग सिमेंटमध्ये. ज्यांच्या घरापुढे असा क्रूस आहे त्यांनी गवंडी बोलावण्याआधी अक्षरांचा एक फोटो तरी काढून ठेवावा. वर डोक्यावर केबलच्या वायरी, बाजूला रस्ता रुंद व्हायची चर्चा. टेकडीवर शहराचा कचरा येऊन पडतो, आग लागली की धूर पाड्यात उतरतो. डोंगरीच्या झाडांवर मेट्रोच्या कारशेडचं सावटही आलं. ज्या गावांनी शहराच्या वाईट काळात आपापली काळजी घेतली, त्यांच्या उशाशी शहरानं काय आणून ठेवलंय, हे भाईंदरच्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावं.

१६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१पासून पुन्हा बंद. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाही चर्च बंदच होतं, आणि दर्यावर्दींच्या बायका पुन्हा क्रुसाशीच बसल्या. पक्कं उघडलं ते सात ऑक्टोबर २०२१ला. तरुण पोरं परतली का, असं मी विचारलं. काही मोबाइलवरच्या मिस्सेला सरावली, असं मावशींनी खंत न लपवता सांगितलं. क्रुसापुढची जपमाळ मात्र तेव्हा जी वाढली, ती कमी झालेली नाही.

“तुमच्या वेळची आठवण म्हणून एखादा नवा क्रूस उभारला का?” मी अंकलना विचारलं.

“आहेत ते सांभाळले तरी पुरे,” ते म्हणाले आणि सुईत दोरा भरू लागले.

संध्याकाळी सात वाजता चर्चची घंटा झाली. अंकल हात धुऊन क्रुसापाशी आले. आता दारातून उत्तर द्यायची गरज नव्हती, पंधरा-वीसजण सतरंजीवर दाटीनं बसले. एका मुलीनं फुलदाणीला टेकवून मोबाइल उभा केला. पडद्यावर तिचा मोठा भाऊ, जहाजावर नोकरीला, पाठीमागे लोखंडी भिंत. २०२०मध्ये तो बंदरात अडकला होता तेव्हापासून हा मोबाइल इथे उभा राहतो. दुसऱ्या दशकात नेटवर्क गेलं, भावाचा चेहरा थिजला. मुलीनं फोन उचलून वायरींपासून लांब, क्रुसाच्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. अंकल थांबले नाहीत, फक्त आवाज थोडा चढवला. तिसऱ्या दशकाच्या मध्यावर मोबाइलमधून, सगळ्यांच्या मागे अर्धा शब्द राहून, उत्तर येऊ लागलं.