'मणिकर्णिका'तल्या मशीनच्या घोड्यावर सगळे हसले, पण सिनेमात खोटा घोडा आला तरी का?

२०१९ च्या सुरुवातीची गोष्ट. 'मणिकर्णिका: द क्वीन ऑफ झाशी' थिएटरला लागून थोडेच दिवस झाले होते आणि सोशल मीडियावर एक व्हिडिओ फिरायला लागला. कंगना राणावत झाशीच्या राणीच्या वेशात, चेहऱ्यावर लढाईचा आवेश. पण खाली घोडाच नाही. घोड्याच्या आकाराचं एक मशीन जागच्या जागी पुढेमागे हलतंय.

मग काय, मीम्सचा पाऊस पडला. झाशीच्या राणीला खेळण्यातल्या घोड्यावर बसवलं म्हणून लोक पोट धरून हसले.

पण असे घोडे काही आपल्याकडेच वापरतात असं नाही. हॉलिवूडमध्येही ते सर्रास वापरले जातात. आणि ते नव्हते तेव्हा सिनेमात घोड्यांचं काय व्हायचं, हे कळलं की हसू जरा आवरतं.

तारेने पाडलेले घोडे

जुन्या हॉलिवूडमध्ये काउबॉय आणि लढायांचे सिनेमे जोरात चालायचे. गोळी लागते आणि भरधाव घोडा स्वारासकट कोलांटी खातो, हा तर ठरलेला सीन. आता प्रश्न असा, की घोडा वेळेवर पडणार कसा?

त्यासाठी 'रनिंग डब्ल्यू' नावाची युक्ती होती. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना तारा बांधायच्या, त्या पोटाखालच्या तंगाच्या कडीतून ओवून घ्यायच्या आणि दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला अडकवायचं. घोडा दौडत सुटला की तार संपेपर्यंत त्याला काहीच कळायचं नाही. तार संपली की पुढचे पाय एकदम मागे ओढले जायचे आणि घोडा तोंडावर आपटायचा.

स्वाराला तार कुठे संपते हे माहीत असायचं, त्यामुळे तो उडी मारायला तयार असायचा. घोड्याला माहीत नसायचं. कुणाचा पाय मोडायचा, कुणाची मान. पाय मोडलेला घोडा बहुतेक वेळा बरा होत नाही, म्हणून त्याला तिथेच गोळी घातली जायची.

१९३६ साली आलेल्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या सिनेमात घोडदळाच्या हल्ल्याचा मोठा सीन आहे. त्यासाठी अशाच तारा वापरल्या गेल्या आणि त्यात किमान २५ घोडे मेले असं सांगितलं जातं.

एका उडीमुळे नियम आले

मग आला १९३९ चा 'जेसी जेम्स'. पाठलाग चुकवण्यासाठी हिरो घोड्यासकट कड्यावरून पाण्यात उडी घेतो असा सीन होता. सुमारे ७० फूट उंचीवरून स्टंटमन आणि घोडा खाली पडले. स्टंटमन वाचला, घोडा मेला.

या घटनेवरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. 'अमेरिकन ह्युमेन असोसिएशन' ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था १८७७ पासून होती. तिने १९४० मध्ये हॉलिवूडमध्ये आपलं ऑफिस उघडलं आणि तिचे लोक सेटवर जाऊन लक्ष ठेवायला लागले.

पण ही देखरेख चालायची ती त्या काळच्या सेन्सॉरच्या नियमावलीच्या जोरावर. साठच्या दशकात ती नियमावली गुंडाळली गेली आणि संस्थेचा सेटवर जायचा हक्कही गेला. १९८० च्या 'हेवन्स गेट'च्या शूटिंगमध्ये स्फोटात घोडा मेल्याचा आरोप झाला, पुन्हा आंदोलनं झाली. त्यानंतर कलाकारांची युनियन आणि निर्माते यांच्या करारातूनच या संस्थेला देखरेखीचं काम मिळालं. सिनेमाच्या शेवटी दिसणारी 'एकाही प्राण्याला इजा झालेली नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी याच संस्थेची.

मग आता घोडे पडतात कसे?

पडायला शिकवलेले घोडे असतात. त्यांना आधी बसायला, मग आडवं व्हायला आणि मग हळूहळू चालता चालता, पळता पळता पडायला शिकवतात. स्वार लगाम एका बाजूला ओढून खूण करतो, घोडा मान वळवतो आणि कुशीवर लवंडतो. जिथे पडायचं तिथली जमीन आधी खणून भुसभुशीत केलेली असते. घोड्याला कधी, कुठे पडायचं हे माहीत असतं. जुन्या आणि नव्या पद्धतीतला खरा फरक हाच.

दुसरा उपाय म्हणजे एका भूमिकेसाठी अनेक घोडे. स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'वॉर हॉर्स'मध्ये (२०११) जोई नावाचा एकच घोडा नायक आहे, पण शिंगरापासून मोठं होईपर्यंत ती भूमिका १४ घोड्यांनी केली. काटेरी तारांत अडकण्याच्या सीनसाठी खोट्या तारा आणि काही शॉटसाठी यांत्रिक घोडा वापरला.

आणि तिसरा उपाय म्हणजे मशीन. कलाकाराचा चेहरा जवळून टिपायचा तर कॅमेरा, लाइट आणि घोडा यांचा वेग जुळावा लागतो. त्यात तलवार फिरवायची आणि डायलॉगही म्हणायचा. एक रीटेक म्हणजे घोड्याची आणखी एक दौड. अशा दहा-पंधरा दौडी काढल्या तर घोडा दमतो, बिथरतो आणि कलाकारही पडू शकतो. मशीन मात्र कितीही वेळा तसंच हलतं.

टापांचा आवाज तर कित्येक वर्षं नारळाच्या करवंट्या आपटूनच काढला जातो, आणि त्यावर कुणी हसत नाही.

आपल्याकडे काय नियम आहेत?

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याखाली २००१ मध्ये, काम करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. त्यानुसार सिनेमात प्राणी वापरायचा असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे आधी कळवून परवानगी घ्यावी लागते.

नियम बारीक आहेत. प्राण्याला आगीजवळ न्यायचं नाही. स्फोटाच्या किंवा मोठ्या आवाजाच्या सीनमध्ये घोडा जवळ ठेवायचा नाही. भाले, खिळे, काटेरी तारा यांनी इजा होता कामा नये. नाल नसलेल्या घोड्याला टणक जमिनीवर चालवायचं नाही. प्राण्यांच्या सीनवेळी पडद्याच्या कोपऱ्यात 'सीजी' असं बारीक अक्षरात दिसतं, ते यामुळेच. प्राणी खरा नाही, कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, हे त्यातून सांगितलं जातं.

तरीही घटना घडतात. २०२१ मध्ये हैदराबादजवळ मणिरत्नम यांच्या 'पोन्नियिन सेल्वन'च्या शूटिंगमध्ये एक घोडा मेला. प्राणीहक्क संघटनेने तक्रार केली आणि निर्मिती संस्था व घोड्याच्या मालकावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

पाटी असली म्हणजे सगळं ठीक?

तसंही नाही. अमेरिकेतली 'लक' ही मालिका घोड्यांच्या शर्यतीवर होती, मुख्य भूमिकेत डस्टिन हॉफमन. सेटवर अमेरिकन ह्युमेनची देखरेख होती. तरी दोन घोडे शर्यतीच्या शूटिंगमध्ये जखमी झाले आणि त्यांना मारावं लागलं. मार्च २०१२ मध्ये तिसरा घोडा गेला. तो तर कॅमेऱ्यासमोरही नव्हता. तबेल्याकडे नेताना तो मागच्या पायांवर उभा राहिला, पाठीवर पडला आणि डोक्याला मार लागला. त्यानंतर एचबीओने मालिकाच बंद केली.

म्हणजे शूटिंगच्या वेळी घोडा सुरक्षित होता की नाही, एवढंच बघून भागत नाही. त्याला सेटवर आणलं कसं, किती तास उन्हात उभं केलं, पाणी किती वेळा दिलं आणि रात्री बांधलं कुठे, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. ते तपासायला सेटवर माणूस असावा लागतो.

त्यामुळे पुढच्या ऐतिहासिक सिनेमाचा असा एखादा व्हिडिओ व्हायरल झाला, की हसायला हरकत नाही. मशीनवर बसून आवेशाने तलवार फिरवणारा माणूस विनोदी दिसतोच. फक्त त्या शॉटमध्ये एका खऱ्या घोड्याच्या दहा-पंधरा दौडी वाचल्या, एवढं लक्षात असू द्या.