हरलेल्याला उपाध्यक्षपद : ही प्रथा नव्हतीच

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली की आपल्याकडे एक मजकूर हमखास फिरू लागतो. पूर्वी तिथे हरलेल्या उमेदवाराला सन्मानाने उपाध्यक्ष करत, विरोधकालाही सत्तेत वाटा देत, आणि १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने ही उदार प्रथा मोडली, असा त्याचा आशय. शिकलेसवरलेले लोक तो पुढे पाठवतात, विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात. दरवेळी समजावून सांगावं आणि पुढच्या निवडणुकीत तोच मजकूर परत यावा, याचा आता वैताग येतो.

दुरुस्तीपूर्वी निवडणुका झाल्या चारच : १७८८-८९, १७९२, १७९६ आणि १८००. त्यांत विरोधी गटाचा माणूस उपाध्यक्ष झाला तो एकदाच, १७९६ मध्ये. एकदा घडलेल्या गोष्टीला प्रथा कसं म्हणायचं?

मूळ राज्यघटनेतली पद्धत अशी होती. राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकाने दोन नावं लिहायची, त्यांतलं किमान एक आपल्या राज्याबाहेरचं. अध्यक्षपदासाठी कोणतं आणि उपाध्यक्षपदासाठी कोणतं, हे नोंदवायची सोयच नव्हती. ज्याला सर्वांत जास्त, आणि निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक, मतं मिळतील तो अध्यक्ष. त्याच्या पाठोपाठचा उपाध्यक्ष. यात हरलेल्याला मान देण्याचा विचार नव्हता. पहिला सर्वांत योग्य असेल तर दुसराही लायकच असणार, इतका साधा हिशेब होता. १७८७ मध्ये ही कलमं लिहिणाऱ्यांनी संघटित राजकीय पक्ष गृहीत धरलेच नव्हते. पहिल्या दोन निवडणुकांत ते खपून गेलं. जॉर्ज वॉशिंग्टनला एकूणएक निर्वाचकांनी मत दिलं, आधी ६९ आणि मग १३२. जॉन ॲडम्स दुसरा आला. तो वॉशिंग्टनचा पराभूत प्रतिस्पर्धी नव्हता.

१७९६ चा निकाल तर उदारपणाच्या अगदी उलट, आपसातल्या अविश्वासातून लागला. तोवर फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन असे दोन पक्ष उभे राहिले होते. फेडरलिस्टांचे उमेदवार होते ॲडम्स आणि थॉमस पिंक्नी. पिंक्नीला पुढे काढून ॲडम्सला मागे टाकण्याचा त्याच पक्षाचा नेता अलेक्झांडर हॅमिल्टनचा डाव न्यू इंग्लंडच्या निर्वाचकांच्या कानावर गेला, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी आपलं दुसरं मत पिंक्नीला दिलंच नाही. ॲडम्स ७१ मतांनी जिंकला, पिंक्नी ५९ वर अडकला आणि ६८ मतं मिळवणारा रिपब्लिकन थॉमस जेफरसन उपाध्यक्ष झाला. त्याला ते पद कुणी सन्मानाने देऊ केलं नव्हतं.

तरीही दुरुस्ती १७९६ मुळे झाली नाही. ती झाली १८०० मुळे, आणि त्या पेचात अडकलेले दोघे एकाच पक्षाचे होते. रिपब्लिकनांना जेफरसन अध्यक्ष आणि ॲरन बर उपाध्यक्ष हवे होते. एका निर्वाचकाने बरचं मत गाळणं गरजेचं होतं. कुणीच गाळलं नाही. दोघांनाही ७३ मतं! घटनेच्या दृष्टीने दोघेही सारखेच अध्यक्षपदाचे दावेदार ठरले आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत होतं, आणि १६ पैकी ९ राज्यं हवी होती. अनेक फेडरलिस्टांनी जेफरसनला अडवण्यासाठी बरला मतं दिली. जेफरसनकडे ८ राज्यं, बरकडे ६, दोन राज्यांत सदस्य समसमान फुटलेले. ११ फेब्रुवारी १८०१ पासून ३५ वेळा मतदान झालं, कोंडी सुटेना; ४ मार्चला तर नव्या अध्यक्षाने सूत्रं घ्यायची होती. अखेर १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयार्ड आणि आणखी काही फेडरलिस्ट बाजूला झाले आणि जेफरसन १० राज्यांनिशी निवडून आला.

ही कोंडी पुन्हा होऊ नये म्हणून काँग्रेसने डिसेंबर १८०३ मध्ये दुरुस्ती संमत केली आणि जून १८०४ मध्ये ती पुरेशा राज्यांनी स्वीकारली. तिचा गाभा एवढाच : निर्वाचकाने अध्यक्षासाठी एक आणि उपाध्यक्षासाठी एक, अशी वेगवेगळी मतं द्यायची. फेडरलिस्टांनी कडाडून विरोध केला, कारण मतांची हिकमत करून दुसऱ्या क्रमांकावर घुसण्याची अल्पसंख्य पक्षाची वाट बंद होत होती. उपाध्यक्षपद आता सौदेबाजीचं पद होईल हा त्यांचा आक्षेप मात्र खरा ठरला, असं मला वाटतं.

आणखी काही गैरसमज. ‘दुरुस्तीने जोडउमेदवारी सुरू केली.’ नाही, जोडी पक्ष ठरवतात, दुरुस्ती मतं वेगळी करते. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी अध्यक्षपदासाठी मार्टिन व्हॅन ब्युरेनला मत दिलं, पण त्याचा जोडीदार रिचर्ड जॉन्सनला नाकारलं. जॉन्सनला बहुमताला एक मत कमी पडलं आणि उपाध्यक्षाची निवड सिनेटला करावी लागली.

‘हॅमिल्टनच्या मृत्यूमुळे दुरुस्ती झाली.’ बर-हॅमिल्टन द्वंद्व ११ जुलै १८०४ चं, दुरुस्तीनंतरचं.

‘दोघे एकाच राज्याचे असूच शकत नाहीत.’ असू शकतात. निर्बंध निर्वाचकावर आहे : आपल्याच राज्यातल्या दोघांना दोन्ही मतं देता येत नाहीत. २००० मध्ये टेक्ससच्या जॉर्ज बुश यांचे जोडीदार डिक चेनी यांनी आपली मतदारनोंदणी टेक्ससमधून वायोमिंगला हलवली ती यामुळेच. बुश-चेनी जोडीला २७१ मतं मिळाली, त्यांत टेक्ससची ३२ होती. ती चेनींना गमावून चालणार नव्हतं.

‘बहुमत नसेल तर सर्वाधिक मतांचा जिंकतो.’ नाही. पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह निवड करतं, आजही प्रत्येक राज्याला एकच मत. १८२४ मध्ये ९९ मतांचा अँड्र्यू जॅक्सन पुढे होता. प्रतिनिधिगृहाने ८४ मतांच्या जॉन क्विन्सी ॲडम्सला, म्हणजे आधीच्या ॲडम्सच्या मुलाला, अध्यक्ष केलं. त्याच निवडणुकीत जॉन कॅल्हून मात्र १८२ मतांनी थेट उपाध्यक्ष झाला होता.