डॉल्फिन पाहायला जाताना

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली कोकणाकडे वळतात. किल्ला, देऊळ आणि समुद्रकिनारा यांच्या जोडीला 'डॉल्फिनदर्शन' हा कार्यक्रमही आता बहुतेक ठरलेला असतो. मग मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला असो, तारकर्ली-देवबागला असो की गोव्यात. समुद्रातला सस्तन प्राणी त्याच्या घरी जाऊन पाहण्याची ही संधी मोलाची आहे. मात्र तिचा लाभ विद्यार्थ्यांना व्हावा आणि उपद्रव डॉल्फिनला होऊ नये, यासाठी थोडी पूर्वतयारी करावी लागते.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. डॉल्फिन हा मासा नव्हे. देवमाशांच्या समूहातील दात असलेल्या शाखेत तो मोडतो. फुप्फुसाने श्वास घेत असल्यामुळे त्याला वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते. म्हणून तर तो आपल्याला दिसतो. आपल्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने आढळतो तो 'हिंद महासागरी कुबड डॉल्फिन'. रंग करडा, लांबी सुमारे अडीच मीटर आणि पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्यावर छोटासा पर. किनाऱ्याजवळचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हे त्याचे घर. खोल समुद्रात निघून जाणे त्याच्या स्वभावात नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. २०१७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून केली.

होडीचा त्रास डॉल्फिनला नेमका कशामुळे होतो? मुख्यतः आवाजामुळे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. शिवाय पाण्यात तो फार दूरवर पोहोचतो. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. म्हणून डॉल्फिन 'टिक्-टिक्' असे अतिशय उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. कळपातले एकमेकांशी संपर्क ठेवतात तेही आवाजानेच. शेजारच्या मैदानात लाउडस्पीकर सुरू असताना वर्गात शिकवण्याचा प्रयत्न केलेल्या शिक्षकांना त्याची अडचण सहज समजेल. होडीचा पंखा वेगाने फिरू लागला की त्याच्या पात्यांवर असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि गोंगाट कितीतरी वाढतो. वेग कमी केला की हा गोंगाट झपाट्याने उतरतो.

एखाद्या होडीने एवढे काय बिघडणार, असे वाटू शकते. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील दीर्घकालीन अभ्यासात याचे उत्तर मिळाले. तिथे डॉल्फिन दाखवणारा एक व्यावसायिक होता, त्याचे दोन झाले. त्यानंतर त्या भागातील डॉल्फिनची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी, म्हणजे सातात एक इतकी घटली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि दोनपैकी एक परवाना कमी करण्यात आला. वारंवार खाणे थांबवून, पिल्लाला घेऊन बाजूला व्हावे लागणे याची किंमत एका दिवसात दिसत नाही. ती काही वर्षांनी दिसते.

आता आपल्या सहलीकडे येऊ. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' अशी हमी काही ठिकाणी देतात. ती ऐकायला बरी वाटते, पण पाठलागाचे मूळ तिच्यातच आहे. हमी दिलेल्या तांडेलाला डॉल्फिन दाखवावेच लागतात. म्हणून ठरवतानाच सांगावे, की भाडे तासाचे आहे, डॉल्फिनचे नाही. पुढील गोष्टीही त्याच वेळी बोलून घ्याव्यात :

१. कळप दिसताच वेग कमी करावा. कळपापासून ५० मीटर अंतर राखावे.

२. समोरून किंवा पाठीमागून जाऊ नये. बाजूने, समांतर, संथ गतीने चालावे. कळपाच्या मधून होडी कधीही घालू नये.

३. आधीच दोन-तीन होड्या असतील तर लांब थांबून वाट पाहावी. एका कळपाजवळ वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये.

४. पिल्लू दिसल्यास, किंवा डॉल्फिन दिशा बदलून दूर जाऊ लागल्यास, मागे जाऊ नये.

५. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवेच. आरडाओरडा, गाणी आणि खाऊ फेकणे वर्ज्य.

वेळ शक्यतो सकाळची निवडावी. दिवस चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटांच्या पांढऱ्या शेंड्यांत पाठीवरचा पर ओळखता येत नाही.

निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर ५० मीटर मोजून खुणा कराव्यात. हे अंतर केवढे दिसते, ते विद्यार्थ्यांच्या नजरेत बसू द्यावे. ध्वनीसाठी सोपा प्रयोग आहे : पाण्याने भरलेल्या लोखंडी पिंपाच्या बाहेरच्या बाजूला कान लावावा आणि मित्राला पाण्यात दोन दगड एकमेकांवर आपटायला सांगावे. मग तेच दगड हवेत आपटून, कान पिंपालाच ठेवून, फरक नोंदवावा.

होडीत गटांना कामे वाटून द्यावीत. एका गटाने वेळ व ठिकाण लिहावे, दुसऱ्याने डॉल्फिन मोजावेत, तिसऱ्याने दोन श्वासांमधला काळ घड्याळावर पाहावा, चौथ्याने जवळच्या होड्या मोजाव्यात. होड्या वाढल्यावर पाण्याखाली राहण्याचा काळ बदलतो का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे मांडून पाहावे.

आणि डॉल्फिन दिसलेच नाहीत तर? तक्त्यात शून्य लिहावे, वेळ व ठिकाण यांसह. तीच शाळा दरवर्षी त्याच किनाऱ्यावर जात असेल, तर दहा वर्षांच्या अशा तक्त्यांत ही शून्येही दिसलेल्या डॉल्फिनइतकीच उपयोगी पडतील.