कूळ, सावकार आणि वीज

टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यावरचं, विनायकराव भुस्कुटे यांचं ‘मुळशी सत्याग्रह’ कॉलेजात असताना वाचलं, आणि तेव्हापासून मुळशी काही डोक्यातून गेलेली नाही. सेनापती बापट आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्यात मिळाली. भुस्कुटे मात्र पुण्याबाहेर फारसे कुणाला माहीत नाहीत. खरं तर मुळशी पेट्यातली गावं त्यांनी पायी पालथी घातली आणि बापट येण्याआधी लढ्याची बांधणी केली. सौर आणि उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या) प्रकल्पांच्या आजच्या बातम्या वाचताना मला भुस्कुट्यांचीच आठवण होते. विजेसाठी जमीन घेताना त्या जमिनीवर राबणाऱ्याला कुणी विचारलं का, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

टाटांच्या जलविद्युत केंद्रांचा इतिहास थोडक्यात असा. खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईला पोचली, भिवपुरी १९२२मध्ये सुरू झालं, भिरा १९२७मध्ये. मुंबईच्या गिरण्या बंगालहून आणलेल्या कोळशावर चालत होत्या. तो महाग पडे, आणि गिरणगावावर धुराचं छत असे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा, पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा आणि कोळसा वाचवायचा, ही कल्पना आजही शंभर टक्के बरोबर आहे. जिला आपण कमी कार्बनची वीज म्हणतो, ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी आली ती अशी. टाटांच्या या केंद्रांची क्षमता आज ४४७ मेगावॉट आहे, त्यात भिऱ्याचा १५० मेगावॉटचा उदंचन संच धरून.

कल्पना बरोबर असूनही तिची अंमलबजावणी अन्यायाची झाली, आणि माझं सगळं कुतूहल तिथेच अडकलेलं आहे.

भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला, नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ, बांधायच्या धरणात पन्नासहून अधिक गावं जाणार होती. माणसं सुमारे अकरा हजार, बहुतेक मावळे. खोऱ्यात आंबेमोहर पिके. शेतांत चाचणीचे चर खणायला लोक आले तेव्हा कुणाला साधी नोटीसही मिळालेली नव्हती. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तर गोऱ्या इंजिनियरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी नोंद आहे. मग १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ. काम थांबलं. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त टाटांना विनंती केली: एका गरिबाच्याही मर्जीविरुद्ध ही योजना होत असेल तर तिच्या लाभांची किंमत काय, असा त्यांचा सवाल होता. कंपनीने सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं. मुदत संपताच कुदळी पुन्हा पडल्या, पाठोपाठ अटका सुरू झाल्या, आणि १८९४चा भूसंपादन कायदा सरकारच्या हातात होताच.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात येत नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात तो स्पष्ट दिसतो. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींचे कागदोपत्री मालक होते पुण्यातले सावकार. मावळा त्या जमिनीवर कूळ होता आणि बहुधा त्याच सावकाराचा कर्जदारही. कुळाला जमीन हवी होती. सावकाराला चांगला भाव मिळाला तर जमीन गेली तरी चालणार होतं. पुण्यातच दोन तट पडले: लढा धरणाविरुद्ध चालवायचा, की भरपाई वाढवून घेऊन मिटवायचा? सरकारने आणि कंपनीने दुसऱ्या तटाशी जुळवून घेतलं, कारण ते सोपं होतं. भरपाई वाटली गेली ती मालकी हक्काप्रमाणे. आंदोलन पोलिसांनी मोडलं हे खरं, पण त्याच्या आधी ते पैशाने आतून पोखरलं गेलं होतं, असं माझं मत आहे. डिसेंबर १९२४मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून, हातात शस्त्र घेऊन, कंपनीची गाडी अडवली ती सगळे मार्ग खुंटल्यावर. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण पूर्ण झालं.

यानंतरची पन्नास वर्षं मी भरभर ओलांडतो. कोयना आली, पानशेत आलं, विस्थापितांच्या चळवळी उभ्या राहिल्या, १९७६मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने अखेर कूळ, बटाईदार आणि शेतमजूर यांनाही ‘बाधित कुटुंबा’त धरलं आणि सामाजिक परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं केलं. भुस्कुट्यांना हवं होतं ते जवळजवळ नव्वद वर्षांनी कायद्यात आलं.

आता कमी कार्बनच्या विजेची दुसरी लाट आली आहे, आणि ती या कायद्याला वळसा घालून जाते.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ घ्या. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू मला मनापासून पटतो. रात्री दोनला मोटार चालू करायला विंचू-सापांतून जाणाऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय ते विचारा. प्रकल्पासाठी खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरसाल तीन टक्के वाढीसह. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. मात्र भाडेपट्टा म्हणजे संपादन नव्हे, त्यामुळे २०१३च्या कायद्यातलं मूल्यमापन इथे आपोआप होत नाही. सौर प्रकल्पांना पर्यावरण परवानगीतूनही सूट आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला भाडं. गायरान असेल तर नाव सरकारचं. मग त्या माळावर मेंढरं चारणाऱ्या धनगराचं काय? गायरानाचा तुकडा वर्षानुवर्षं कसणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबाचं काय? १४ एप्रिल १९९०पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१मध्ये झाला, तरी नाव लागायचं राहिलेली कुटुंबं गावोगाव आहेत. मुळशीत जे कुळाचं झालं, तेच इथे होऊ शकतं: जमीन ज्याच्या पोटाची, तो हिशेबातच नाही.

उदंचनाची गोष्ट तर थेट त्याच डोंगरांत परत आली आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. सौर आणि पवन ऊर्जा वाढवायची तर ही साठवण लागणारच. ऑगस्ट २०२३मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या प्रकल्पांचा करार झाला, गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटींची. हे प्रकल्प व्हावेत असंच मला वाटतं. पण या खोऱ्यांची शंभर वर्षांपूर्वीची बाकी अजून मिटलेली नाही. टाटांच्या धरणांतलं पाणी पश्चिमेला कोकणात वळवलं जातं. ते पूर्वेला, भीमेच्या खोऱ्याला मिळावं ही मागणी पुन्हा पुन्हा होते. कृष्णा पाणी तंटा लवादानेही टाटांच्या या पाणी वळवण्यावर मर्यादा घातली आहे.

म्हणून सौर प्रकल्प असो की उदंचन, करारावर सही होण्याआधी एक यादी व्हायला हवी: त्या जमिनीवर कोण चारतं, कोण कसतं, कोण सरपण आणि पाणी नेतं, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो. ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. भाड्याचा वाटा या यादीतल्या लोकांनाही मिळावा. याला नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. शासन निर्णय काढूनही हे करता येईल. तुमच्या गावात येत्या हंगामात असा ठराव आला, तर हात वर करण्याआधी ती यादी मागा.