मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि दृष्टिरक्षण
भारतात अवयव प्रत्यारोपणास १९९४ च्या कायद्याने वैधानिक चौकट दिली. शस्त्रक्रियेनंतरची दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रुग्णास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. परिणामी शरीरात सुप्त असलेला सायटोमेगॅलो विषाणू सक्रिय होऊन क्वचित दृष्टिपटलाचा दाह घडवितो. डोळा बहुधा दुखत नाही. तरंगते ठिपके किंवा अंधूकपणा एवढीच लक्षणे असल्याने निदानास विलंब होतो. गॅन्सिक्लोव्हिर विषाणूची वाढ रोखते, मात्र नष्ट झालेले दृष्टिपटल पूर्ववत होत नाही. उलट, दडपक औषधे अवाजवी घटविल्यास मूत्रपिंड गमावण्याचा धोका संभवतो. म्हणून लक्षणे दिसताच नेत्रतपासणी आणि दोन्ही तज्ज्ञांच्या विचारविनिमयाने औषधांची मात्रा निश्चित करणे अत्यावश्यक ठरते.