शेवटचा टप्पा

शाळेत मुले सायकल दामटत, घामाघूम होऊन येतात, तेव्हा मी त्यांना बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ यात्रेची गोष्ट सांगतो. डिसेंबर 1985 मध्ये शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे; ते गाडीत आडवे पडून सोबत होते.

प्रवास संपत आला तेव्हा पुढे पंजाब होता. 1984 च्या जखमा ओल्या होत्या. ऑगस्ट 1985 मध्ये संत लोंगोवालांची हत्या झाली होती. पाय थकलेले आणि वाट सर्वांत अवघड!

आम्हा नांदेडकरांना पंजाब दूरचा नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबहून माणसे येतच असतात.

शेजाऱ्याचे हक्क आपण मुलांना शिकवतो. पण जिथे बोलणे बंद झाले आहे, ते दार ठोठावणे हाच आपला शेवटचा टप्पा. येत्या ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्या एका घरी जाऊ या. मुलांनाही सोबत नेऊ या.